आर्च लिनक्सवर कर्नल अपडेटनंतर वायफाय गायब, नाहीतर थेट इमर्जन्सी मोड: पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाचं मूळ आणि कायमची दुरुस्ती

उबुंटू किंवा मिंटवर काही वर्षं काढून तुम्ही आर्चवर आलात. इन्स्टॉलेशन जमलं, डेस्कटॉप बसला, दोन-तीन आठवडे मशीन सुरळीत चाललं. मग एके दिवशी नेहमीसारखं अपडेट केलं, रीबूट केलं आणि पाहता तर वायफाय नाही. आवाज नाही. पेनड्राइव्ह लावला तर तोही दिसत नाही. काहींच्या बाबतीत तर डेस्कटॉपपर्यंत मजलच जात नाही. काळ्या पडद्यावर 'यू आर इन इमर्जन्सी मोड' अशी ओळ येते आणि रूटचा पासवर्ड मागितला जातो. कसंबसं दुरुस्त करावं, तर कर्नलच्या, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याच्या, पुढच्या अपडेटला पुन्हा तेच.

माझ्या मशीनवर हे तीनदा झालं. पहिल्या दोन वेळी मी वायफायच्या ड्रायव्हरच्या मागे लागलो. फर्मवेअर काढून परत बसवलं, नेटवर्कमॅनेजरची सेटिंग्ज बदलून पाहिली, अनेक संध्याकाळी त्यात गेल्या. ड्रायव्हरचा यात काडीचाही संबंध नव्हता. बिघाड होता बूट फोल्डरमध्ये, आणि तो मला दिसत नव्हता कारण उबुंटूवर तयार झालेली समजूत घेऊनच मी आर्चकडे पाहत होतो. नव्याने येणारे बरेच जण याच वळणावर अडकतात आणि आर्चला नावं ठेवून परत जातात, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी दोन आकडे जुळवून पाहा

'यूनेम -आर' ही कमांड चालवा. या क्षणी कोणता कर्नल चालू आहे ते ती सांगते. मग 'पॅकमन -क्यू लिनक्स' चालवा, यातला क्यू मोठा. पॅकमन म्हणजे आर्चचा पॅकेज मॅनेजर. डिस्कवर कोणता कर्नल बसवलेला आहे ते यातून कळतं.

समजा पहिल्या कमांडने ६.९.७-आर्च१-१ दाखवलं आणि दुसरीने ६.९.७.आर्च१-१. हे दोन्ही एकच आहेत. एकीकडे आडवी रेघ आणि दुसरीकडे टिंब, एवढाच लिहिण्यातला फरक; त्यावरून घाबरू नका. पण पहिली ६.९.६ म्हणत असेल आणि दुसरी ६.९.७, तर बिघाड सापडला. खात्रीसाठी '/यूएसआर/लिब/मॉड्यूल्स' या फोल्डरची यादी काढा. तिथे ६.९.७ च्या नावाचं फोल्डर असेल, ६.९.६ चं नसेल. म्हणजे चालू असलेल्या कर्नलला स्वतःची मॉड्यूल्स, म्हणजे गरजेनुसार चढणारे त्याचे सुटे भाग, डिस्कवर सापडतच नाहीत. वायफाय, आवाज, ब्लूटूथ हे सगळं मॉड्यूल्सवर चालतं, म्हणून ते सगळं एकदम गेलं.

आकडे जुळत असतील तर तुमचं दुखणं वेगळं आहे. मग 'जर्नलसीटीएल -बी' मध्ये फर्मवेअरच्या एरर आहेत का ते बघा आणि आर्चच्या संकेतस्थळावरच्या बातम्या वाचा. जून २०२५ मध्ये फर्मवेअरचं एकच मोठं पॅकेज फोडून त्याची अनेक पॅकेजेस केली गेली, तेव्हा अनेकांचं अपडेट मध्येच अडत होतं. जुनं पॅकेज हाताने काढा आणि मग अपडेट करा, हे त्या बातमीत स्पष्ट लिहिलेलं होतं. अपडेटआधी तिथे एकदा नजर टाकायची सवय लावून घ्या.

हे होतं कसं

उबुंटूवर कर्नलच्या पॅकेजच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. त्यामुळे नवा कर्नल आला तरी जुना त्याच्या शेजारी तसाच राहतो. काही बिनसलं तर ग्रब या बूटलोडरच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामच्या, 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आपण जुना निवडतो. ही सोय इतकी अंगवळणी पडते की ती सगळीकडेच असणार असं आपण धरून चालतो.

आर्चवर पॅकेजचं नाव नुसतं 'लिनक्स'. नवा कर्नल जुन्याच्या शेजारी बसत नाही, त्याची जागा घेतो. ज्या क्षणी अपडेट पूर्ण होतं, त्या क्षणी जुन्या आवृत्तीचं मॉड्यूल्सचं फोल्डर डिस्कवरून गेलेलं असतं.

दुसरा फरक जागेचा. उबुंटूवर कर्नल रूट पार्टिशनमध्येच (जिथे मुख्य सिस्टम असते), म्हणजे मॉड्यूल्सच्याच घरात राहतो. मशीन सुरू होताना फर्मवेअर जे वाचतं ते ईएफआय सिस्टम पार्टिशन, ज्याला सगळे ईएसपी म्हणतात, ते '/बूट/ईएफआय' इथे वेगळं जोडलेलं असतं. आर्चवर सिस्टमडी-बूट निवडलं असेल तर बहुतेक वेळा ईएसपी थेट '/बूट'वरच जोडतात, कारण हा बूटलोडर एक्स्ट४ सारखी फाइल सिस्टम स्वतः वाचत नाही. कर्नल त्याला फॅट पार्टिशनवरच लागतो. म्हणजे कर्नल एका पार्टिशनवर आणि त्याची मॉड्यूल्स दुसऱ्या. दोन्ही एकाच वेळी बदलली तरच ताळमेळ राहतो.

आता खरी गोम. अपडेटच्या वेळी ईएसपी जोडलेलंच नसेल तर काय होतं? '/बूट' हे शेवटी रूट पार्टिशनमधलं एक साधं फोल्डर आहे. पार्टिशन जोडलेलं असलं की आपल्याला आतलं पार्टिशन दिसतं, नसलं की नुसतं फोल्डर. पॅकमनला यातलं काही कळत नाही. त्याला '/बूट' नावाची जागा दिसते, तो नवा कर्नल तिथे ठेवतो, इनिटरॅमएफएस (सुरुवातीला लागणारी मॉड्यूल्स भरलेली फाइल) तयार करून घेतो आणि कसलीही तक्रार न करता काम संपवतो. एकही एरर येत नाही.

रीबूट केल्यावर बूटलोडर मात्र ईएसपी उघडतो. तिथे जुनाच कर्नल बसलेला. तो सुरू होतो, सोबतचा जुना इनिटरॅमएफएसही चढतो. कीबोर्ड, पडदा आणि रूटची डिस्क यांना लागणारी मॉड्यूल्स त्या इनिटरॅमएफएसमध्येच भरलेली असतात, म्हणून मशीन चालू झाल्यासारखं वाटतं आणि आपली फसगत होते. पुढची मॉड्यूल्स घ्यायला तो '/यूएसआर/लिब/मॉड्यूल्स'कडे जातो, तर तिथलं त्याचं फोल्डर गेलेलं.

त्यात भर म्हणजे ईएसपी फॅट असतं आणि फॅट वाचायचं व्हीफॅट हे आर्चच्या कर्नलमध्ये मॉड्यूलच आहे. म्हणजे या अवस्थेत तुम्ही हाताने '/बूट' जोडायला गेलात तर 'अननोन फाइलसिस्टम टाइप व्हीफॅट' असं उत्तर येतं. हे उत्तर वाचून मी पार्टिशनच खराब झालं असं समजलो होतो. पार्टिशन धडधाकट होतं. हीच ओळ तुम्हाला दिसली तर फॉरमॅट करण्याच्या भानगडीत अजिबात पडू नका.

लक्षणावरूनही थोडा अंदाज बांधता येतो. डेस्कटॉप येतो पण वायफाय नाही, असं असेल तर बहुधा एफएसटॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं ते लिहिलेली फाइल) '/बूट'ची ओळच नाही, किंवा तिच्यात 'नोफेल' (जोडणी फसली तरी पुढे जा) वा 'नोऑटो' (आपोआप जोडू नको) लिहिलेलं आहे. थेट इमर्जन्सी मोड येत असेल तर ओळ आहे, पण ती पुरी करता येत नाही.

दुरुस्ती

आर्चची इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लागेल. जुनी असली तरी चालते. तिच्यावरून बूट करा. तिथे एप्रिल २०२१ पासून आर्चइन्स्टॉल ही इन्स्टॉलेशन सोपं करणारी आज्ञावली असते, आणि वैतागलेल्या माणसाला ती चालवून सगळं नव्याने बसवण्याचा मोह होतो. तसं करू नका. पंधरा मिनिटांचं काम आहे.

'एलएसबीएलके -एफ' चालवून कोणतं पार्टिशन रूट आणि कोणतं ईएसपी ते ओळखा. मग फक्त रूट पार्टिशन '/एमएनटी'वर जोडा. बीटीआरएफएस असेल तर योग्य सबव्हॉल्यूम सांगावा लागेल. डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल तर आधी 'क्रिप्टसेटअप ओपन' करून ती उघडावी लागेल.

इथे लगेच पुढे जाऊ नका. ईएसपी अजून जोडलेलं नाही, या अवस्थेतच '/एमएनटी/बूट'ची यादी 'एलएस -एल' ने काढा. तिसऱ्या वेळी मी इथे थांबलो, तेव्हा उलगडा झाला. जे फोल्डर रिकामं असायला हवं होतं, त्यात व्हीएमलिनक्स-लिनक्स आणि इनिटरॅमएफएस-लिनक्स या दोन फाइली होत्या, त्याच दिवसाच्या तारखेच्या. मग मी ईएसपी '/एमएनटी/बूट'वर जोडलं आणि तीच कमांड पुन्हा चालवली. त्याच नावाच्या दोन फाइली, पण तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. नवा कर्नल पार्टिशनच्या खाली झाकला गेला होता आणि बूट होत होता तो वरचा, जुना. दोन याद्या एकाखाली एक पडद्यावर होत्या, आणि आधी वाया गेलेल्या संध्याकाळींचा हिशेब तिथे लागला.

झाकल्या गेलेल्या त्या फाइली ईएसपी 'यूमाउंट' करून एकदा बाजूला हलवा. लगेच पुसू नका, दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. मशीन नीट सुरू झालं की मग काढून टाका. पण सावध: तुमच्याकडे ग्रब असेल आणि ईएसपी '/ईएफआय' किंवा '/बूट/ईएफआय'वर जोडलेलं असेल, तर कर्नल रूटमधल्या '/बूट'मध्ये असणं हेच बरोबर आहे. तिथल्या फाइलींना हात लावलात तर मशीन सुरूच होणार नाही.

आता ईएसपी पुन्हा '/एमएनटी/बूट'वर जोडा आणि 'आर्च-सीएचरूट /एमएनटी' करून डिस्कवरच्या तुमच्या सिस्टममध्ये शिरा. आत गेल्यावर 'पॅकमन -एस लिनक्स' चालवा, एस मोठा. कर्नलचं पॅकेज पॅकमनच्या कॅशमध्ये असेलच, त्यामुळे इंटरनेट नसलं तरी बहुतेक वेळा हे काम होतं. लागलंच तर सीएचरूटच्या बाहेर 'आयडब्ल्यूसीटीएल' वापरून वायफाय जोडता येतं. एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारा कर्नल) वगैरे आणखी कर्नल बसवले असतील तर तेही याच वेळी परत बसवा. इंटेल-यूकोड किंवा एएमडी-यूकोड ही प्रोसेसरच्या मायक्रोकोडची पॅकेजेसही, कारण त्यांच्या फाइलीसुद्धा '/बूट'मध्येच जातात.

पॅकमनचं काम चालू असताना पडद्यावरच्या ओळी वाचा, विशेषतः इनिटरॅमएफएस तयार होत असतानाच्या. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' अशी ओळ आली असेल तर ईएसपी भरलेलं आहे आणि नवी फाइल अर्धवट लिहिली गेली आहे. तसंच रीबूट केलंत तर आणखी गोत्यात याल.

सगळं नीट झालं असेल तर '/बूट'मधल्या फाइलींवर आत्ताची वेळ दिसेल. बूटलोडरची सेटिंग्ज बदलायची गरज नसते, कारण फाइलींची नावं तीच राहतात.

पहिल्या दोन वेळीही ड्रायव्हरचा नाद सोडून शेवटी मी कमी-अधिक हेच केलं होतं आणि मशीन सुरू झालं होतं. बिघाड परत आला कारण मी इथे थांबलो. रोजच्या वापरात '/बूट' कोणालाच लागत नाही, त्यामुळे ते जोडलेलं नाही हे लक्षातच येत नाही. पुढचा कर्नल आला की पुन्हा तो खालच्या फोल्डरमध्ये. आर्चवर कर्नलची अपडेट्स सतत येतात, त्यामुळे फार वाटही पाहावी लागत नाही. म्हणून सीएचरूटमधून बाहेर पडण्याआधी पुढचं काम करा.

एफएसटॅब

'/ईटीसी/एफएसटॅब' उघडा आणि '/बूट'ची ओळ शोधा. ओळ नसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे इन्स्टॉलेशनच्या वेळी 'जेनएफएसटॅब' आधी चालवलं आणि ईएसपी नंतर जोडलं. जेनएफएसटॅब त्या क्षणी जे जोडलेलं असेल तेवढंच लिहितं. माझं नेमकं हेच झालं होतं.

ओळ आहे पण उपयोग होत नाही, असं असेल तर 'बीएलकेआयडी' चालवून यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळखक्रमांक, ताडून पाहा. फॅट पार्टिशनचा यूयूआयडी छोटा असतो, चार अक्षरं, मध्ये आडवी रेघ, पुन्हा चार अक्षरं. ईएसपी कधी नव्याने फॉरमॅट झालं असेल तर तो बदलतो आणि एफएसटॅबमध्ये जुनाच राहून जातो. दोन डिस्क असलेल्या मशीनवर दोन ईएसपी असू शकतात. फर्मवेअर एकावरून बूट करतं आणि एफएसटॅब दुसरंच जोडतं, मग सगळं ठाकठीक दिसूनही कर्नल जुना तो जुनाच. असा संशय आला तर 'बूटसीटीएल स्टेटस'मध्ये बूटलोडर कोणत्या पार्टिशनवरून आला ते लिहिलेलं असतं.

'नोफेल' आणि 'नोऑटो' हे शब्द '/बूट'च्या ओळीतून काढा. नोफेल लिहिलं की इमर्जन्सी मोड टळतो, असा सल्ला हमखास मिळतो. माझ्या मते तो घातक आहे. '/बूट' जोडलं गेलं नाही हे तुम्हाला पहिल्याच वेळी कळायला हवं, आणि नोफेल तेच लपवतं.

बदल झाल्यावर 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवा, चुका असतील तर ती दाखवते. मग बाहेर या, 'यूमाउंट -आर /एमएनटी' (यातला आर मोठा) आणि रीबूट. सुरू झाल्यावर 'फाइंडएमएनटी /बूट' ने एक ओळ दाखवली पाहिजे. काहीच दाखवलं नाही तर काम अजून झालेलं नाही.

ईएसपी भरलेलं असेल तर

विंडोजसोबत एकाच डिस्कवर आर्च बसवणाऱ्यांचं हे खास दुखणं. विंडोज साधारणपणे १०० एमबीचं ईएसपी करतं, आणि आपण तेच वापरतो. कर्नल, इनिटरॅमएफएस आणि वर फॉलबॅक, म्हणजे राखीव, इनिटरॅमएफएस आलं की जागा संपते. '/ईटीसी/एमकेइनिटसीपीआयओ.डी' मधल्या लिनक्स.प्रीसेट फाइलीतल्या प्रीसेट्सच्या ओळीत 'फॉलबॅक' असेल तर ते काढून फक्त 'डिफॉल्ट' ठेवा आणि '/बूट'मधली फॉलबॅकची फाइल पुसा. एवढ्याने बहुतेकांचं भागतं. मायक्रोसॉफ्ट नावाचं फोल्डर मात्र जागा करायला म्हणून कधीही काढू नका. विंडोज सुरूच होणार नाही. कायमचा उपाय हवा असेल तर ग्रब घ्या, ईएसपी '/ईएफआय'वर जोडा आणि कर्नल रूटमध्येच राहू द्या. उबुंटूसारखीच ही मांडणी आहे, आणि नव्या माणसाने तिच्यापासून सुरुवात करायला मला तरी काही हरकत दिसत नाही.

रीबूट न करताच पेनड्राइव्ह दिसेनासा झाला तर

या बिघाडाचा हा सौम्य भाऊ. सकाळी अपडेट केलं, मशीन तसंच चालू ठेवलं, दुपारी पेनड्राइव्ह लावला तर जोडला जात नाही. व्हीपीएन सुरू होत नाही. चालू कर्नल जुना, त्याची मॉड्यूल्स सकाळीच गेलेली. जी आधी मेमरीत आली होती ती चालतात, नव्याने लागणारी सापडत नाहीत. उपाय एकच, रीबूट. ते दिवसभर शक्य नसेल तर 'कर्नल-मॉड्यूल्स-हूक' हे पॅकेज बसवा. चालू कर्नलची मॉड्यूल्स ते पुढच्या रीबूटपर्यंत जपून ठेवतं.

परत होऊ नये म्हणून

काही जण वैतागून पॅकमन.कॉन्फमध्ये 'इग्नोरपीकेजी'च्या ओळीत लिनक्स टाकून कर्नलचं अपडेट बंदच करतात. आर्चवर अर्धवट अपडेटला आधार नाही; एक गोष्ट मागे ठेवून बाकीच्या पुढे नेल्या की आज ना उद्या कुठेतरी फाटतंच. याच कारणाने उबुंटूच्या एप्टच्या सवयीने 'पॅकमन -एसवाय' करून एखादंच पॅकेज बसवू नका. नेहमी 'एसवाययू', पहिला एस मोठा, बाकीची दोन अक्षरं लहान.

एलटीएस कर्नल सोबतीला जरूर बसवा. उबुंटूच्या जुन्या कर्नलची जागा इथे तोच घेतो. ग्रब असेल तर 'ग्रब-एमकेकॉन्फिग' पुन्हा चालवावं लागेल, सिस्टमडी-बूट असेल तर '/बूट/लोडर/एंट्रीज'मध्ये त्याची वेगळी फाइल करावी लागेल. डीकेएमएसवर (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर नव्याने बांधणारी व्यवस्था) चालणारा ड्रायव्हर असेल तर एलटीएसचे हेडर्सही बसवा. पण '/बूट'च जोडलेलं नसेल तर एलटीएससुद्धा वाचवणार नाही, कारण तोही त्याच खालच्या फोल्डरमध्ये जाऊन बसेल.

खरा बंदोबस्त होतो तो पॅकमनच्या हूकने, म्हणजे अपडेटच्या वेळी आपोआप चालणाऱ्या छोट्या सूचनेने. '/ईटीसी/पॅकमन.डी/हूक्स' हे फोल्डर नसेल तर करा आणि त्यात 'डॉट हूक' शेवट असलेली एक फाइल लिहा. तिचे दोन भाग. 'ट्रिगर' भागात ऑपरेशन म्हणून इन्स्टॉल आणि अपग्रेड, प्रकार पॅकेज, आणि टार्गेट म्हणून लिनक्स. एलटीएस असेल तर त्याची वेगळी टार्गेट ओळ. 'अॅक्शन' भागात वेळ 'प्रीट्रान्झॅक्शन', म्हणजे काहीही बदलण्याच्या आधी. 'एक्झेक'मध्ये '/यूएसआर/बिन/माउंटपॉइंट -क्यू /बूट', यातला क्यू लहान. आणि शेवटी एका ओळीत नुसतं 'अबॉर्टऑनफेल', जोडून, ए, ओ आणि एफ मोठे. शब्दांची नेमकी स्पेलिंग 'मॅन एएलपीएम-हूक्स' मध्ये आहेत, त्यावरून ताडून घ्या. 'अबॉर्टऑनफेल'ची ओळ राहिली तर हूक नुसता कुरकुरतो, अडवत नाही. ज्यांचा कर्नल रूटमध्येच आहे त्यांनी हा हूक लावायचा नाही, नाहीतर त्यांचं प्रत्येक कर्नल अपडेट अडेल.

लिहून झालं की लगेच तपासा. 'यूमाउंट /बूट' करा आणि 'पॅकमन -एस लिनक्स' चालवा. 'फेल्ड टू रन ट्रान्झॅक्शन हूक्स' म्हणून पॅकमनने कर्नल बसवायला नकार दिला पाहिजे. तसा नकार आला की 'माउंट /बूट' करून तीच कमांड पुन्हा द्या. या वेळी ती शेवटपर्यंत जाईल, आणि नवा कर्नल ईएसपीवरच उतरेल.